वाफेचं मशीन, एक नंबर वरचं

आकडा चुकणं माझ्या स्वभावातच नाही. ही स्वतःची स्तुती नव्हे, हवं तर तहसील कचेरीतलं रजिस्टर काढून बघा! आर्णी तहसीलच्या आवारात जो पर्जन्यमापक आहे, त्यातलं पाणी गेली एकोणीस वर्षं मीच मोजतो. सकाळी साडेआठला मोजायचं आणि नऊच्या आत यवतमाळला कळवायचं. एकोणीस वर्षांत नऊ वाजून एक मिनिट कधी झालेलं नाही. लोक म्हणतात, "भल्ला पाऊस पडला!" मी म्हणतो, "बारा पूर्णांक चार मिलिमीटर." लोक म्हणतात, "काहीच नाही पडला." मी म्हणतो, "निरंक." अंदाजे, सुमारे, जवळपास हे शब्द आमच्या घरात चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवावे लागतात.

अशा माणसानं घरात वाफेची खोली बांधायची ठरवली, तर चुकण्यासारखं उरतंच काय?

खोली हवी होती याडीसाठी. याडी म्हणजे माझी आई, मानीबाई. वय चौऱ्याहत्तर, आवाज शाबूत, गुडघे बंद. दर गुरुवारी ती यवतमाळच्या दवाखान्यात वाफ घ्यायला जायची. तिथं गुडघे मोकळे व्हायचे आणि परतीच्या एसटीत पुन्हा जाम! उतरताना चौघांनी धरावं लागायचं. कंडक्टर तर आमची एसटी तांड्याच्या फाट्यावर थांबली की मोटारीतला जॅक काढावा तसा चेहरा करायचा.

आणि यंदा घाई होती. आमच्या बंजारा तांड्यात राखीला मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि नवव्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत विसर्जनाला जातात. ही तीज. लग्न झालेल्या मुलीला ही तीज नसते. माझी पुतणी निकिता हिचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं, म्हणजे तिची ही शेवटचीच. तीन वर्षं याडी तीज प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहत होती. यंदा तिनं जाहीर केलं होतं, "निकिताच्या तीजले मी गोलात नाचीन. खुर्ची आनान तं तुमच्या डोकशात घालीन!"

नऊ दिवस. एक खोली. दोन गुडघे. हिशेब सरळ होता.

घराला लागून दादाची, म्हणजे माझा मोठा भाऊ किसनसिंग याची, पिठाची गिरणी आहे. मध्ये कापूस भरायची दहा बाय नऊची खोली. तिच्या एका कोपऱ्यात घनश्याम मिस्त्रीनं महिनाभर खपून, राखीच्या आत, दोन आडव्या भिंती घालून, टाईल्स लावून, काचेचं दार बसवून खोली तयार केली. पाच फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट उंच. एकशे चाळीस घनफूट. मी स्वतः टेप धरला होता, दोनदा.

आता उरलं वाफ तयार करायचं मशीन. नागपूरच्या दुकानदारानं मोबाईलवर तक्ता पाठवला आणि वर फोनवर बजावलं, "साहेब, साईज बरोबर घ्या. लहान घेतलं तर खोली तापणार नाही. मोठं घेतलं तर खोली मिनिटात तापते, मशीन आपोआप बंद पडतं आणि वाफ मिळत नाही. दोन्हीकडून फजिती."

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "आम्ही मिलिमीटरमधली माणसं आहोत."

तक्ता तीन वेळा वाचला. माप पाहिलं, भिंती पाहिल्या, आकडा काढला आणि चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिला : ६ किलोवॅट. चिठ्ठी घनश्यामला दिली, कारण मशीनचा ओटा त्याला बांधायचा होता. त्यानं तो आकडा वायरमन संघदीपला सांगायचा, कारण वायर त्याला ओढायची होती. संघदीपनं दादाला कळवायचा, कारण गिरणीचा पट्टा आणायला दादा नागपूरला निघाला होता. मी निवांत कचेरीत गेलो. पावसानं उघडीप दिली होती. मोजायला काही नव्हतं. हात नुसते शिवशिवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाची पिकअप दारात लागली. वरून लाकडी पेटी उतरली. तिच्यावर ठळक आकडा होता : १८.

"दादा, हे काय?"

"मशीन."

"मी सहा लिवलं होतं!"

"सहा?" दादानं खिशातून कागद काढला. "मले तं बाराची चिठ्ठी भेटली."

"मंग बाराचं काहून नाई आनलं?"

"अरे, इहिरीवर मोटर टाकतांनी आपन काय करतो? पाचची लागली तं साडेसातची घेतो. मोटर नेहमी एक नंबर वरची घ्या लागते! दुकानात बाराच्या वरचा नंबर अठराच होता."

मी संघदीपकडे वळलो. तो वायरचं भेंडोळं छातीशी धरून उभा होता.

"भाऊ, माह्याकडे नऊ आलतं. आपल्याकडचं व्होल्टेज कसं राह्यते, तुमाले मालूम हाये. नऊचं लावलं तं सहाचं काम करते. म्हून मी बारा केलं."

"आणि सहाचे नऊ कोणी केले?"

घनश्याम मिस्त्री ओट्यावर पाणी मारत होता. मान वर न करता म्हणाला, "भाऊ, पश्चिमेची भिंत हाये. ऊन खाते, पाऊस खाते, मंग वाफ नाई खाणार का? मी दीडपट धरली. स्लॅबमंधी बी आमी गज नेहमी जाडच टाकतो. आजवर माह्या हातचं एक घर पडलं नाई!"

तिघांच्याही चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान होतं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जो तो आपापल्या परीनं याडीची काळजी घेऊन मोकळा झाला होता!

माझी बायको शीला दारातून म्हणाली, "अवो, या मशीनले तुमच्या पर्जन्यमापकावर बसवा. जिल्ह्यातला दुष्काळ एका दिवसात संपते!"

नागपूरला फोन लावला. "बदलून देऊ की," दुकानदार म्हणाला. "दहा-बारा दिवस लागतील."

आमच्याकडे सात होते.

अठरा किलोवॅटला वीज कुठली? पण दादानं उन्हाळ्यात मिरची कांडायचं मशीन आणायचं म्हणून गिरणीचा मंजूर भार वाढवून घेतला होता. अर्थात, एक नंबर वरचा. फक्त वाफ आणि गिरणी एकदम चालणार नव्हती. तेव्हा ठरलं : सकाळी वाफ, वाफ चालू असेतो दळण बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. दळणाचे डबे घेऊन आलेली सात-आठ माणसं गिरणीसमोर ताटकळत होती, तीच पाहुणी. याडी जुनं लुगडं नेसून आत बाकड्यावर बसली. मी घड्याळ आणि वही घेऊन काचेच्या दाराबाहेर. संघदीपनं खटका दाबला. मशीन पाच मिनिटं पोटात काहीतरी घोळवत राहिलं आणि मग...

फुस्स्स्स!

रेल्वेचं इंजिन शिंकावं तसा आवाज झाला. काचेआड याडी दिसेनाशी झाली! बाक दिसेना, भिंत दिसेना. गिरणीसमोरचे डबे दोन पावलं मागे सरकले. मी घड्याळात पाहिलं. वीस सेकंद. आणि खट्ट! मशीन बंद. वाफ विरली. भिंतींवरून पाणी ठिबकायला लागलं आणि ढगातून देवी प्रकटावी तशी याडी दिसायला लागली. पण देवी प्रसन्न नव्हती.

"कांई वेगो?" ती आमच्या गोरबोलीत ओरडली. काय झालं?

"खोली तापली, याडी. म्हून मशीन बंद झालं."

"झालं? येवढ्यासाठी महिनाभर ठोकपीट करून राह्यले होते? हे तं कुकर झालं! एक शिट्टी अन् गपगार!"

खोली भट्टीसारखी गरम, पण वाफेचा पत्ता नाही. दहा मिनिटं वाट पाहिली. एकदा फुस्स, मग खट्ट. नागपूरवाला शब्दशः बरोबर होता. मला त्याचा फार राग आला.

तोड काढली निकितानं. तिनं दार उघडलं, गरम हवा बाहेर पडली, खोली थोडी निवली आणि मशीन पुन्हा शिंकलं. "काका, दार उघडलं की वाफ येते! दार उघडत राहा लागते, बस!"

मी लगेच पाळ्या लावायला घेतल्या. पहिला मी, मग दादा, मग शीला. याडीनं सगळ्यांना बाहेर काढलं. "माही खोली, माहं दार. म्या लुगडं वर करून बसलेली अन् तुम्ही सारे घडीघडी डोकावता? मीच उघडीन!"

झालं. याडी उठायची, दार उघडायची, परत बसायची. फुस्स! खट्ट! पुन्हा उठायची. प्रत्येक वेळी दार उघडलं की गिरणीसमोरच्या लोकांना एक शिवी ऐकू यायची. कधी मशीनला, कधी मला. मी वहीत नोंदी घेत होतो. तिसरा दिवस : दार अठ्ठावीस वेळा. चौथा दिवस : एकतीस. पाचवा : चौतीस. वाफ वीस सेकंद, खंड दोन मिनिटं. एवढी भिकार वाफ जिल्ह्यात कोणी घेतली नसेल!

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कचेरीत पर्जन्यमापक रोज कोरडा आणि घरी वाफ तुटक. जेवताना मी ताटाच्या कडेला चमच्यानं एकशे चाळीस भागिले अठरा करत होतो. शीला म्हणाली, "अवो, याडी आज तांड्याच्या नायकाच्या घरापर्यंत गेलती. काठी इथंच राह्यली होती."

"गेली असेल," मी म्हणालो. "खंड दोन मिनिटांचा आहे, शीला. दोन मिनिटांचा!"

त्या संध्याकाळी दादानं तोडगा काढला. "तू उलटा विचार करून राह्यला, राजू. मशीन बरोबर हाये. खोली चुकली!"

ऐकायला वेडेपणाचं वाटलं, पण मी तक्ता उघडला. अठरा किलोवॅटसमोर माप होतं सहाशे तीस घनफूट. कापसाची अख्खी खोली दहा बाय नऊ, वर सात फुटांवर छत ठोकलं तर किती? सहाशे तीस! एका घनफुटाचाही फरक नाही! माझ्या अंगावर काटा आला. घनश्यामनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या दोन्ही भिंती स्वतःच्याच हातानं पाडल्या. "भाऊ, तोडाले तरास झाला बरं," तो अभिमानानं म्हणाला. "मजबूतच होत्या." सहाव्या दिवशी उरलेल्या भिंतींना प्लास्टिकच्या शीट लागल्या, काचेचं दार कापसाच्या खोलीच्या चौकटीत गेलं, बाक पलीकडच्या टोकाला सरकला.

सातव्या दिवशी वाफ सुरू झाली आणि थांबलीच नाही. मऊ, दाट, एकसारखी. चाळीस मिनिटं मशीन एकदाही खटकलं नाही. याडी बाकावर मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. बाहेर आली ती हसत. "आता खरी वाफ. हाललीच नाई मी जागची."

मी वहीत लिहिलं : खंड, निरंक. आणि त्याखाली दुहेरी रेघ मारली. आठवडाभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

आठव्या दिवशी सकाळी याडीच्या खोलीतून हाक आली. "राजू! मले उठवा रे!"

ती खाटेवरून उठत नव्हती. गुडघे जाम! एसटीतून उतरायची तसेच, उलट काकणभर जास्तच. दादानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. ती उभी राहिली आणि परत बसली. निकिता टोपलीला पाणी घालून आली होती. ती दारातच थांबली. याडीनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"खुर्ची पुसून ठेवा," ती म्हणाली. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. तेव्हा आम्ही घाबरलो.

मी यवतमाळच्या दवाखान्यातल्या पुष्पा मॅडमना फोन लावला. याडीच्या गुडघ्यांचं त्याच पाहत.

"पहिले काही दिवस बऱ्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

मी शीलाकडे पाहिलं. शीलानं बोटांवर मोजून सांगितलं, "तिसऱ्या दिवशी अंगणात गेल्या. पाचव्या दिवशी नायकाच्या घरी, काठी न घेता. मी सांगतलं होतं यायले. हे भागाकार करत होते."

"त्या दिवसांत काय वेगळं केलं?"

मी वही उघडून वाचून दाखवलं. वाफ वीस सेकंद. खंड दोन मिनिटं. दार अठ्ठावीस, एकतीस, चौतीस वेळा.

"दार कोण उघडत होतं?"

"याडीच."

फोनवर पुष्पा मॅडम मनसोक्त हसल्या. "अहो, तीन वर्षांपासून मी त्यांना तेच तर सांगते आहे! दिवसातून तीस वेळा खुर्चीवरून उठा, बसा. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, बिनकामाचं कायले उठू? तुमच्या त्या बिघडलेल्या मशीननं करून घेतलं की! आता हळूहळू पुन्हा सुरू करा. मध्ये मध्ये थांबू द्या, दुखलं तर लगेच बंद."

आम्ही याडीकडे धावलो. "याडी, उठ-बस कर! मॅडमनं सांगतलं!"

"कायले?"

"गुडघ्यांसाठी!"

"बिनकामाचं मी उठत नसते," ती म्हणाली आणि भिंतीकडेच पाहत राहिली.

तिला काम हवं होतं. तिला दार हवं होतं! उद्यापर्यंत त्या दोन भिंती परत बांधणं घनश्यामलाही शक्य नव्हतं, आणि त्या बांधल्या तरी तो दीडपट बांधणार! मी अंगणात येरझारा घालत होतो आणि नजर गिरणीकडे गेली. दळणाच्या रांगेत अकरा माणसं उभी होती. आठवडाभर वाफेसाठी ताटकळून त्यांना ताटकळायची सवय लागली होती.

आम्ही याडीला थोडी गरम वाफ दिली, मशीन बंद केलं आणि तिला त्याच खोलीत बाकावर बसवून काचेचं दार लोटून घेतलं. मग मी रांगेतल्या पहिल्या माणसाच्या, शंकरसिंगच्या, कानात सांगितलं.

ठक ठक!

"कोन हाये बे?" आतून आवाज आला. शंकरसिंग बोलेना. बऱ्याच वेळानं, भिंतीला धरत, याडी उठली. दार उघडलं.

"याडी, गिरणी कधी चालू होते?"

"हे मले विचाराले आला? गिरणी काय माह्या पोटात हाये?" दार आपटलं. परत बाकावर.

ठक ठक! रुपीबाई. "मानीबाई, मीठ हाये का थोडं?"

"वाफेच्या खोलीत मीठ? तुह्या डोकशात भुसा भरला का, रुपी?"

ठक ठक! लालसिंग. याला कारणच सुचलं नव्हतं. तो नुसता हात जोडून म्हणाला, "राम राम, याडी."

"राम राम. मंग?"

"मंग काही नाई."

दुपारपर्यंत तांड्यात बातमी पसरली. ज्यांच्या घरी महिन्याचं पीठ शिल्लक होतं तेही डबे घेऊन रांगेत आले. मध्ये मध्ये निकिता तिला पाणी देऊन बसवून ठेवायची, मग पुन्हा ठक ठक. बाक ते दार आठ फूट, जाऊन येऊन सोळा. पहिल्यांदा भिंतीचा आधार, पंधराव्या वेळी एक हात, पंचविसाव्या वेळी दोन्ही हात शिव्या देण्यासाठी मोकळे!

"आज काय हाये?" ती एकदा ओरडली. "मतदान हाये का इथं?"

रांग संपली तेव्हा शेवटचं दार मीच वाजवलं. याडी तरातरा आली. मला आपादमस्तक न्याहाळलं. मग माझ्या काखेतल्या वहीकडे.

"आता तू बी?"

"काही नाई, याडी. पाहून राह्यलो होतो..."

"राजू, तुह्या मायले अक्कल नाई असं वाटते का तुले? किती झाले?"

मी वही उघडली. "माझं धरून एकेचाळीस."

"बेचाळीस. रुपी दोनदा आलती. दुसऱ्यांदा आलती तवा तू वहीत तोंड खुपसून बेरीज करून राह्यला होता." आणि तिनं दार माझ्या नाकासमोर लावलं.

मी रांगेकडे पाहिलं. रुपीबाईनं मान डोलावली. बेचाळीसच!

नवव्या दिवशी दुपारी खेमसिंग नायकाच्या अंगणात टोपल्या आल्या. गव्हाचे पिवळे कोंब वीतभर वाढले होते. मुलींनी गोल धरला. निकितानं एक हात मोकळा ठेवला होता. दादानं सवयीनं प्लास्टिकची खुर्ची आणली, याडीची नजर पाहिली आणि तीच खुर्ची स्वतःखाली घेऊन बसला. याडी गोलात शिरली. हळू, पण तालात. साडेतीन फेऱ्या. अर्धी फेरी राहिली ती गुडघ्यांमुळे नव्हे, मध्येच थांबून ती दादावर ओरडली, "अरे, खुर्ची मोडशीन! तुह्या वजनाची एक नंबर वरची आन!"

निकिता इतकी हसली की डोक्यावरची टोपली तिला दोन्ही हातांनी धरावी लागली. मग ती हसताहसता रडली. मी दुसरीकडे, आभाळाकडे, पाहिलं. कामाच्या सवयीनं. ढग नव्हते.

पुढच्या आठवड्यात नागपूरवाल्याचा फोन आला. "साहेब, मशीन बदलून द्यायची सोय झाली. तक्त्यावरून नेमका आकडा सांगा, तेवढ्या किलोवॅटचं पाठवतो."

मी काही म्हणण्याआधी शीलानं माझा मोबाईल काढून घेतला, तक्ता उघडला आणि जुन्या खोलीच्या एकशे चाळीस घनफुटांच्या ओळीवरून बोट फिरवत नेलं. बोट थांबलं.

"अवो," ती म्हणाली, "इथं तं साडेचार हाये."

"असेल."

"मंग तुम्ही सहा कसं लिवलं होतं?"

गिरणीच्या दारात दादा, ओट्यावर घनश्याम आणि शिडीवर संघदीप, तिघांनीही हातातलं काम थांबवलं.

मी काय उत्तर दिलं, ते विचारू नका. पहिला नंबर वरचा कोणी घेतला, याची रजिस्टरमध्ये नोंद आहे. निरंक!